इंटरनेट काढा, मग दिवा लावून दाखवा

आमच्या बोईसरच्या घरात जवळजवळ वर्षभर भिंतीवरच्या ९ बटणांना सेलोटेप लावलेली होती. ती मीच लावली होती, कुणी चुकून बटण बंद करू नये म्हणून. यापुढे दिवा मोबाईलवरून लावायचा किंवा स्पीकरला सांगून लावायचा, बटण कायम चालू ठेवायचं, असं मी आईबाबांना बजावलं होतं. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात ३१ वर्षं ऑपरेटर म्हणून पाळ्या केलेल्या माणसाला ‘घरातल्या बटणाला हात लावू नका’ असं सांगताना मला जराही वावगं वाटलं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, वय २८, नोकरी पुण्यात, घरी येणं महिन्यातून एकदा. दिवाळीच्या सेलमध्ये ९ स्मार्ट बल्ब मागवले आणि भाऊबीजेच्या दुपारी लावून टाकले.

आता दर सेलच्या आधी कुणीतरी विचारतंच, ‘तू वापरलेत ना, कुठला स्मार्ट बल्ब घेऊ?’ या प्रश्नाची तयार उत्तरं यूट्यूबवर ढीगभर आहेत. किती लुमेन, किती वॉट, १ कोटी ६० लाख रंग, अ‍ॅपला किती स्टार. आमच्या घरात त्या १ कोटी ६० लाखांपैकी दोन रंग वापरले गेले. एक पांढरा, आणि गणपतीत एक दिवस निळा. ही सगळी तुलना चुकीच्या प्रश्नाभोवती फिरते असं माझं म्हणणं आहे. बल्ब निवडताना विचारायचा प्रश्न एकच: हा दिवा लावायचा आणि विझवायचा अधिकार नक्की कुणाकडे राहणार?

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. साध्या एलईडी बल्बमध्ये एक ड्रायव्हर असतो, तो २३० व्होल्टची वीज एलईडीला झेपेल अशी करून देतो. स्मार्ट बल्बमध्ये त्याच्या शेजारी एक वाय-फाय चिप आणि इवलासा अँटेना बसवलेला असतो. तुम्ही सोफ्यावर बसून अ‍ॅपमध्ये बटण दाबता, तेव्हा बहुतेक स्वस्त बल्बांच्या बाबतीत तो निरोप राउटरकडे जातो, तिथून इंटरनेटवरून कुठल्यातरी देशातल्या कंपनीच्या सर्व्हरकडे, आणि सर्व्हर तुमचं खातं तपासून निरोप परत तुमच्या राउटरकडे, मग बल्बकडे पाठवतो. बल्ब तुमच्या डोक्यावर सहा फुटांवर असतो. निरोप समुद्र ओलांडून येतो. जमलं तर अर्ध्या सेकंदात येतो, म्हणून ही वारी आपल्याला जाणवत नाही.

जाणवते ती पावसाळ्यात. जूनच्या पहिल्या वादळात बोईसरला लाइट गेली आणि पहाटे तीनला आली. या बल्बांची मूळ सेटिंग अशी असते की वीज परत आली की पेटायचं, तेही पूर्ण पांढऱ्या उजेडात. झोपायच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत नऊच्या नऊ बल्ब पेटले. बाबा दचकून उठले. सेलोटेप ओरबाडून त्यांनी बटण रागाने चारपाच वेळा खालीवर केलं, आणि बल्ब लुकलुकायला लागला. बटण भराभर खालीवर करणं ही बल्बला ‘जुनं सगळं विसर आणि नव्याने जोडून घे’ असं सांगायची खूण आहे. हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. मला पुण्यात फोन आला तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, तुझे दिवे वेडे झालेत.’

मी पुण्यातून सेटिंग बदलली. आता वीज परत आल्यावर बल्ब आधीच्या अवस्थेत राहणार होता. पेटलेला असेल तर पेटलेला, विझवलेला असेल तर विझलेला. स्वतःवर खूश झाले. दोन आठवड्यांनी फायबरची केबल तुटली. संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातलं बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही. सकाळी तो अ‍ॅपवरून विझवलेला होता आणि माझ्या नव्या सेटिंगनुसार तो ‘विझलेला’ राहण्याचं काम इमानदारीने करत होता. अ‍ॅप म्हणत होतं, उपकरण ऑफलाइन आहे. स्पीकर म्हणत होता, इंटरनेट नाही. घरात वीज होती, बल्ब चांगला होता, बटण चांगलं होतं, आणि ऐन दिवेलागणीला आईने स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली.

कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या कंपनीचं काही बिघडलेलं नव्हतं. सगळं ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मला राग त्या ठरवण्याचाच आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘स्वस्तातला घेतलास, चांगला ब्रँड घ्यायचा ना.’ चला, महागडे बघू. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब अमेरिकेत विकला जात होता, घरातले दिवे आणि उपकरणं जोडणारा. २०१४ मध्ये ती कंपनी गूगलच्या पंखाखालच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातले धडधाकट हब एका दिवसात निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना न सांगता बंद पडले. लोकांना बातमी कळली ती अ‍ॅप चालेना तेव्हा. फिलिप्स ह्यू हे या धंद्यातलं सगळ्यात प्रतिष्ठित नाव. त्याचे दिवे घरातल्या घरात, खातं न उघडता चालायचे, म्हणून जाणकार लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे खातं उघडणं सक्तीचं होणार. विकत घेताना जो करार होता तो विकल्यानंतर बदलता येतो, कारण बल्ब तुमच्या छताला असला तरी त्याचं सॉफ्टवेअर त्यांच्या हातात असतं.

बल्बच्या धंद्यात हे नवं नाही. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची टोळी केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणून ठेवायचं ठरवलं. जास्त टिकणारे बल्ब करणाऱ्या कारखान्याला दंड होत असे. तेव्हा निदान तार जळावी लागायची. आता तारही जळावी लागत नाही, सर्व्हरचं भाडं भरायचं थांबवलं की पुरे.

मी बोईसरची असून हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या गावापासून काही किलोमीटरवर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. शाळेत असताना त्याच्यावर निबंध लिहिले होते, त्यात ‘राष्ट्राची शान’ हे शब्द हटकून यायचे. त्या केंद्राची जी गोष्ट निबंधात कधी आली नाही ती अशी. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी ३० वर्षांचा करार झाला. दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र रीतसर सुरू झालं. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते करारानुसार अमेरिकेकडूनच घ्यायचं होतं. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला आणि नव्या अटी घातल्या. करार तोच, भट्ट्या त्याच, समुद्रही तोच, पण इंधन अडकायला लागलं. एकेका खेपेसाठी वॉशिंग्टनमध्ये वाद व्हायचे. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं असं ठरलं. पुढे चीन आला, रशिया आला.

भट्टी आपल्या किनाऱ्यावर, आणि ती पेटती ठेवायची किल्ली सात समुद्रांपलीकडच्या खिशात. माझ्या नऊ बल्बांची गोष्ट हीच आहे, फक्त ९ वॉटच्या आकारात. अमेरिकेने तेव्हा जे केलं ते चूक की बरोबर यावर वाद घालता येईल. पण ज्याच्याकडे किल्ली असते त्याचा विचार बदलू शकतो, यावर वाद नाही. तारापूरने हे पन्नास वर्षांपूर्वी शिकून ठेवलं आहे. आपण मात्र ५९९ रुपयांच्या सेलमध्ये ते विसरतो.

मग येतात ‘मला लपवायला काय आहे’ म्हणणारे. ‘माझा बल्ब कधी लागतो हे कळलं तर कळू दे, कंपनीला काय करायचंय त्याचं?’ एक महिनाभर तुमच्या घरातल्या प्रत्येक खोलीतला दिवा कधी लागला आणि कधी विझला याची यादी करून बघा. कोण किती वाजता उठतं, घर कधी रिकामं असतं, कोण वेगळ्या खोलीत झोपायला लागलंय, कुणाला झोप येत नाही, हे सगळं त्यात असतं. कॅमेऱ्याची गरजच पडत नाही. या मुद्द्याकडे मी परत येते, कारण तिथेच माझी फजिती झाली.

विजेची बचत म्हणाल तर तेही बघू. स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही वाय-फायशी बोलत जागा असतो. युरोपात अशा बल्बने जागं राहण्यासाठी जास्तीत जास्त अर्धा वॉट खावा असा नियम आहे. तो पाळला असं धरू. अर्धा वॉट, २४ तास, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला साधारण ४.४ युनिट. आमच्या बाथरूममधला ९ वॉटचा बल्ब दिवसाला अर्धा तास लागतो, म्हणजे उजेडासाठी वर्षाला १.६ युनिट. उजेड देण्यापेक्षा अंधारात वाट बघण्यात तो अडीच पट वीज खाणार. नऊ बल्बांचे मिळून वर्षाला चाळीसेक युनिट होतात. रक्कम फार नाही, पण मग खोक्यावर ‘ऊर्जा बचत’ छापू नका. ज्या देशात २०१५ च्या उजाला योजनेनंतर साधा एलईडी बल्ब घरोघरी स्वस्तात पोचला, तिथे विजेची बचत त्या साध्या बल्बनेच केलेली आहे.

केबल तुटली त्या प्रकारानंतर मी इंजिनीअरने करायचं ते केलं. कंपनीचे बल्ब काढले आणि झिग्बीवर चालणारे आणले, म्हणजे वाय-फायही नको आणि परदेशी सर्व्हरही नको. टीव्हीमागे एक रास्पबेरी पाय ठेवला, त्यावर होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. आता सर्व्हर आमच्याच घरात होता. इंटरनेट गेलं तरी दिवे लागणार. आईला बॅटरीवर चालणारं एक छोटं बटण दिलं, कारण स्पीकरला हिंदी कळायचं, आईचं मराठी नाही. इतके दिवस ती स्वतःच्या स्वयंपाकघरात दिवा लावायला हिंदीत विनंती करत होती. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.

ऑफिसात मी या सगळ्यावर एक सादरीकरणही दिलं. स्वतःचा डेटा स्वतःच्या घरात, स्वावलंबन वगैरे. टाळ्या मिळाल्या.

होम असिस्टंट मुळात दहा दिवसांची नोंद ठेवतं. पुण्यातून ती मला दिसायची. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला दिवा रोज रात्री तीनच्या सुमाराला लागतो आणि वीसेक मिनिटांनी विझतो. मी आईला फोन केला. झोप येत नाही का, शुगर तपासलीस का, डॉक्टरकडे जाऊन ये. ती म्हणाली, काही नाही गं, पाणी प्यायला उठते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मग नोंदी थांबल्या. रात्रभर स्वयंपाकघर अंधारात. मला वाटलं, चला, झोप लागायला लागली.

महिन्याभराने घरी गेले तेव्हा बाबा सहज बोलता बोलता म्हणाले, ‘हल्ली ती अंधारातच चहा करते. दिवा लावला की तुला मोबाईलवर दिसतं म्हणे.’

मी कॉलेजला हॉस्टेलवर असताना आई रोज रात्री नऊला फोन करायची, खोलीवर पोचलीस का म्हणून. मला त्याचा भयंकर राग यायचा. पण तो फोन होता. मी कट करू शकायचे, खोटं बोलू शकायचे, आणि बऱ्याचदा बोललेही. मी आईला ती सोयसुद्धा ठेवली नव्हती. तिला एकच वाट उरली होती, अंधारात गॅस पेटवायचा. मी तिच्याशी याबद्दल बोलायला गेले तर ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘बटण होतं तेव्हा मला कुणाला सांगायला लागत नव्हतं.’

म्हणून ज्यांना वाटतं की प्रश्न फक्त परदेशी सर्व्हरचा आहे, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. माझ्यासारखीच ही माणसं आहेत, हुशार आणि चांगल्या मनाची. ते म्हणतात, सर्व्हर घरात आणा, प्रश्न मिटला. नाही मिटत. तारापूरलाच पुन्हा बघा. तिथे ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या, त्या भारतीय बनावटीच्या आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. किल्ली देशात आली. पण त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. तिथल्या माणसांच्या दृष्टीने किल्ली वॉशिंग्टनला होती काय आणि मुंबईला होती काय. गाव उठण्याची आणि माझ्या आईच्या चहाची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण सवाल एकाच जातीचा आहे: जो तिथे राहतो त्याच्या हातात काय आहे? मी कंपनीच्या खिशातली किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली होती आणि त्याला स्वावलंबन म्हणत होते. लाइट गेल्यावर पायचं एसडी कार्ड बिघडलं तर ते नीट करणारी घरात एकही व्यक्ती नव्हती. आईबाबांसाठी परदेशी सर्व्हर मीच झाले होते.

‘म्हातारी माणसं शिकतील हळूहळू’ हा सगळ्यात उर्मट युक्तिवाद आहे, आणि तो मी स्वतः केलेला आहे. बाबांनी ३१ वर्षं रिअ‍ॅक्टरचे व्हॉल्व्ह आणि तापमानं सांभाळली. त्यांना बटण कळत नाही असं नाही. त्यांच्या कारखान्यात जे यंत्र बटण दाबल्यावर ते काम करत नाही त्याला बिघडलेलं म्हणतात. आपण त्याला स्मार्ट म्हणतो.

मग घ्यायचाच नाही का? घ्या, पण चार परीक्षा घेऊन. पहिली, राउटर बंद करून भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का आणि विझतो का, प्रत्येक वेळी. दुसरी, खातं न उघडता तो जोडता येतो का. तिसरी, कंपनी बुडाली तर तो निदान साधा बल्ब म्हणून उरतो का. चौथी, तो बसवणारा माणूस वर्षभर घरी आला नाही तर घर चालतं का. २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या नव्या मानकामुळे पहिल्या तीन परीक्षांत थोडी सुधारणा झाली आहे, कारण त्यात उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात. चौथी परीक्षा कुठलंही मानक पास करून देणार नाही. ती तुमची आहे. आणि भाड्याच्या खोलीत एकटेच राहत असाल, बल्ब तुमचा, बटण तुमचं, झोपही तुमची, तर खुशाल जांभळा उजेड करा. माझं भांडण दुसऱ्याच्या घरात बल्ब लावणाऱ्यांशी आहे.

एक मागणीही करायला हवी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा आहे की असं उपकरण विकणाऱ्याने सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करायचं. माझ्या हातात आलेल्या एकाही खोक्यावर अशी तारीख नव्हती. एमआरपी होती, बनवल्याचा महिना होता, विजेचे तारे होते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. जो बल्ब सर्व्हर बंद झाल्यावर नासतो त्याच्यावरही असावी.

गेल्या दिवाळीत मी सेलोटेप काढली. तिचा चिकटा बटणांवर राहिला होता, तो आईने खोबरेल तेलाने पुसून काढला. घरात आता स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेले साधे पिनचे एलईडी आहेत. फक्त बाहेरच्या दिव्याच्या बटणामागे एक छोटा रिले बसवला आहे, तो संध्याकाळी दिवा लावतो, पण बटण दाबलं की बटणाचंच ऐकतो. पॅसेजमध्ये माणूस आला की लागणारा एक बॅटरीचा दिवा आहे, त्याला वाय-फाय नाही आणि तो कुणाला काही कळवत नाही. पाय मी पुण्याला घेऊन आले.

मागच्या महिन्यात घरी होते. पहाटे स्वयंपाकघरातून बटणाचा खट्ट आवाज आला आणि दाराखालच्या फटीतून उजेड. माझा मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. उठून गेले. आईने काही न विचारता पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.